भावाने ‘स्टे’ आणलाय, स्लॅब टाकायचा की नाही?

प्रश्न : वडिलांनी बेसा येथील प्लॉट नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या नावे केला. घराचं काम सुरू आहे, स्लॅबचं सेंट्रिंग लागलंय. मोठ्या भावाने बक्षीसपत्र रद्द करण्यासाठी नागपूरच्या दिवाणी न्यायालयात दावा टाकला आणि मला व्हॉट्सॲपवर दोन कागद पाठवले. एक उपविभागीय अधिकाऱ्यांचा, त्यात फेरफाराला ‘स्थगिती’ आहे. दुसरा कोर्टाचा : ‘पुढील तारखेपर्यंत उभय पक्षांनी जैसे थे स्थिती ठेवावी.’ भाऊ म्हणतो, स्टे आहे, एक वीट लावलीस तर पोलीस आणीन. ठेकेदार म्हणतो, मनाई हुकूम असं कुठे लिहिलंय? टाकून घेऊ. पावसाळा तोंडावर आहे. काय करू?

उत्तर : ताई, स्लॅब टाकू नका. निदान पुढच्या तारखेपर्यंत तरी नाही.

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात काहीही अडलं की ‘स्टे लागला’ म्हणायची रीत आहे. पक्षकार म्हणतात, वकील म्हणतात, मीही म्हणतो. त्यामुळे तुमच्या भावाच्या लेखी दोन्ही कागद ‘स्टे’च. पण त्यांचं काम वेगवेगळं आहे.

उपविभागीय अधिकाऱ्यांची स्थगिती तलाठी कार्यालयातल्या फेरफारापुरती आहे. सातबाऱ्यावर तुमचं नाव चढणं लांबेल, एवढंच. फेरफाराने मालकी येत नाही, त्याच्या स्थगितीने जातही नाही. या कागदाने बांधकाम थांबत नाही.

दुसरा कागद मात्र हलक्यात घेऊ नका. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा जो अर्ज येतो, त्याला आपल्याकडे सगळे ‘निशाणी ५’ म्हणतात. तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम १ व २ खाली चालतो. त्यावर होणाऱ्या हुकमाला सरकारी मराठीत ‘व्यादेश’ म्हणतात (हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही), बोलताना ‘मनाई’. ‘जैसे थे’चा आदेशही त्याच अर्जावर होतो आणि तितकाच बांधतो. ‘मनाई’ हा शब्द त्यात नाही म्हणून ठेकेदाराला मोकळीक मिळत नाही.

उलट ‘उभय पक्षांनी’ हे शब्द नीट वाचा. भावालाही प्लॉटवर शिरून कुंपण घालता येणार नाही की तुमचं सामान हलवता येणार नाही.

अडचण अशी की जैसे थे म्हणजे काय जैसे थे? ताबा, की बांधकाम? असे एका ओळीचे आदेश मला मुळीच आवडत नाहीत, पुढचं निम्मं भांडण त्यांच्या अर्थावरच होतं. तरी तो अर्थ आपल्या सोयीने लावायचा नसतो. आदेश मोडला असं कोर्टाला वाटलं तर नियम २अ खाली मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. ‘समन्स मिळालंच नव्हतं’ ही सबब चालणार नाही. आदेश तुम्हाला माहीत आहे, व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा साक्षीला आहेत.

पोलिसांची धमकी पोकळ आहे. अशा प्रकरणात पोलीस बहुधा ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ असंच सांगतात. मदत हवी तर भावाला आधी कोर्टाकडूनच तसा आदेश घ्यावा लागेल.

आता कामाचं. फोनवरच्या फोटोवर विसंबू नका, नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची सही-शिक्क्याची प्रत काढा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर रोजनामाही (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) बघा. आदेश एकतर्फी झाला असेल तर नियम ३ प्रमाणे भावाने दावा, अर्ज, शपथपत्र यांच्या प्रती तुम्हाला लगेच पाठवायला हव्या होत्या. पाठवल्या नसतील तर तो मुद्दा आधी घ्या. असा अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा, असंही नियम ३अ सांगतो.

तारखेची वाट न पाहता वकिलामार्फत ‘से’ (भावाच्या अर्जाला लेखी उत्तर) दाखल करा आणि नियम ४ खाली आदेश उठवण्याचा अर्ज द्या. त्यातच पर्यायी मागणी घाला : आदेश उठवत नसाल तर निदान स्लॅबपुरती परवानगी द्या, तो मी स्वतःच्या जोखमीवर टाकीन, दावा हरले तर बांधकामाच्या जोरावर कुठलाही हक्क सांगणार नाही. अशी लेखी हमी दिली की कोर्टाचं मन वळण्याची शक्यता बरीच वाढते. जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनरही मागा. लोखंड बांधून तयार आहे, पावसात ते गंजेल, प्लाय फुगेल, सेंट्रिंगचं भाडं रोज चढतंय, हे रेकॉर्डवर यायला हवं. भरून न येणारं नुकसान कुणाचं, हे कोर्ट यावरूनच तोलतं. तारीख दिसेल असे फोटो, मंजूर नकाशा, भाड्याच्या पावत्या आणि बक्षीसपत्र जोडा.

निशाणी ५ तुमच्या विरोधात गेली तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील आहे. बाजूने गेली तर भाऊ अपिलात जाणारच, म्हणून त्याच दिवशी तिथे कॅव्हेट लावा, म्हणजे तुम्हाला कळवल्याशिवाय तिथे आदेश होऊ नये अशी आगाऊ सूचना. ते ९० दिवस चालतं. तेवढ्यात अपील आलं नाही तर नवं लावावं लागेल.