देवाचाच राग आलेला असताना प्रार्थना केली तर चालते का?

तुम्ही विचारलंय की वर्षभर एकामागून एक संकटं येतायत, ख्रिस्ती विश्वासात धीर मिळतो असं ऐकलंय, पण देवाचाच राग येतोय तर प्रार्थना करायची कशी. राग घेऊनच करा, मी तशीच केली होती.

माझा धाकटा भाऊ आजारपणात गेला तेव्हा भेटायला येणारा जो तो म्हणायचा देवाची इच्छा, आणि ते ऐकून ऐकून मी चर्चला जाणंच बंद केलं. मग चर्चच्या मंडळीतल्या एक वयस्कर काकू यायला लागल्या, त्या काही समजवायच्या नाहीत, नुसत्या शेजारी बसायच्या, बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायच्या आणि जायच्या. एक दिवस त्यांनी ८८वं वाचलं. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, १५० स्तोत्रं आहेत, त्यातली कितीतरी सरळसरळ तक्रारी आहेत, पण बहुतेक शेवटी कुठेतरी भरवशावर येऊन टेकतात, हे मात्र अंधारातच संपतं. मी म्हटलं, पुढे? त्या म्हणाल्या, एवढंच आहे. बायबलमध्ये असलं काही आहे आणि ते कुणी काढून टाकलं नाही याचा मला इतका आधार वाटला की त्या रात्री कित्येक आठवड्यांनी मी देवाशी बोलले, म्हणजे भांडलेच.

येशूने स्वतः वधस्तंभावर २२व्या स्तोत्राची पहिली ओळ म्हटली, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. आपल्या मेलेल्या मित्राला, लाजराला, आता जिवंत उठवणार हे माहीत असूनही त्याच्या कबरीकडे जाताना तो रडला. माझा धीर इथून येतो, भाऊ का गेला ते मला अजूनही कळलेलं नाही, पण ज्याच्यापाशी रडते त्याला रडणं माहितेय.

सुरुवात १३व्या स्तोत्राने करा, जेमतेम सहा वचनं आहेत, मोठ्याने वाचा, स्वतःचे शब्द नाही सुचले तरी चालतं. तुमचा विश्वासच कमी पडला असं कुणी म्हणालं तर अजिबात मनावर घेऊ नका, बायबलमध्ये सगळं गमावून बसलेला ईयोब नावाचा भला माणूस आहे, त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं, तुझंच काहीतरी चुकलं असं बोलायला लागले आणि बिघडलं, शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

आणि झोप, जेवण उडालं असेल तर डॉक्टरांना दाखवा प्लीज, त्यात विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला तर झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खाऊ घातलं. तू इथे काय करतोयस हे देवाने त्याला विचारलं ते ४० दिवस चालून तो डोंगरावर पोचल्यावर.