निर्गम करायचा, की नुसतं निघायचं?

वास्कोहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. आजोबा नगर जिल्ह्यातून बंदरातल्या कामासाठी इकडे आले. घरात मराठी टिकली, प्रार्थनाही मराठीतच होते. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यासाठी त्या आपल्या चर्चच्या मंडळीचं एक चार पानी पत्रक तयार करताहेत आणि पाळकांच्या प्रवचनातलं एक वाक्य त्याचा मथळा म्हणून ठरलंय: ‘आपापल्या मिसरातून निर्गम करा.’ मिसर म्हणजे इजिप्त; तिथल्या गुलामीतून इस्राएल लोक बाहेर पडले, ती गोष्ट बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकात आहे. दारू, मटका, कर्ज, राग, ज्याचं जे मिसर असेल ते त्याने सोडावं, असा पाळकांचा रोख. बाईंच्या शंका दोन. ‘निर्गम करा’ हे मराठी बरोबर आहे का? आणि आतल्या मजकुरातला ‘वल्हांडण’ हा, या सुटकेच्या सणाचा, शब्द वल्ह्यावरून आला का, कारण इस्राएल लोक समुद्र पार करून गेले? छापखान्यातून तो ‘वलांडण’ असा सुधारून आलाय, तो तसाच राहू द्यायचा का?

मी ख्रिस्ती नाही. फोंड्याला शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं आणि जुनं मराठी बायबल मी वाचलं ते त्यातल्या शब्दांच्या लोभाने. तेव्हा उत्तर शब्दांपुरतं. पण इथे शब्दाचा धागा ओढला की कथा आपसूक हातात येते, त्याला माझा इलाज नाही.

आधी वल्हांडण, कारण त्यात मौज जास्त आहे. नदीकाठच्या गोवेकराला या शब्दात वल्हं ऐकू यावं हे साहजिक आहे, पण कथेत होडीही नाही आणि वल्हंही नाही. समुद्र दुभंगला आणि माणसं कोरड्या जमिनीवरून पायी गेली, ते ‘निर्गम’च्या चौदाव्या अध्यायात. वल्हांडण येतं त्याच्या आधी, बाराव्यात, तेही समुद्रावर नव्हे तर घराच्या दारात. ग्रामीण बोलीत ओळख ‘वळख’ होते, ओढ ‘वढ’ होते, ओला ‘वला’ होतो. तसंच ओलांडणे, वलांडणे, वल्हांडणे. भांडणे वरून भांडण, कांडणे वरून कांडण, तसं वल्हांडणे वरून वल्हांडण. हिब्रूत या सणाला ‘पेसाह’ म्हणतात, आणि बाराव्या अध्यायात त्याच्याशी जोडलेलं क्रियापद आहे ओलांडून पुढे जाण्याचं. म्हणजे हा शब्दाला शब्द आहे, आणि तोही पोथीतून नव्हे तर ओसरीवरून उचललेला. छापखान्याने केलेला बदल व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक नाही, पण सणाचं नाव म्हणून ‘वल्हांडण’ हेच रूप रूढ झालंय, ते तसंच ठेवा. पाळण्यातलं नाव कोणी व्याकरण शिकल्यावर बदलत नाही.

आता ओलांडणारा कोण, ते बघा. मिसर सोडायच्या त्या रात्री प्रत्येक कुटुंबाने एक वर्षाचं निर्दोष कोकरू मारायचं, त्याचं रक्त एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं, आणि सकाळपर्यंत कोणीही दाराबाहेर पडायचं नाही. परमेश्वर घरोघरच्या पहिल्या मुलाला मारत मिसरभर फिरेल, आणि ज्या दारावर रक्त दिसेल ते घर तो ओलांडून जाईल. म्हणजे ओलांडणं देवाचं आहे. माणसं आत बसलेली आहेत, कंबर कसून, पायांत वहाणा, हातात काठी, घाईघाईने जेवताहेत.

आपल्याकडे ओलांडणे या क्रियापदाची तऱ्हा निराळी. उंबरठा ओलांडते ती नवी नवरी, मर्यादा ओलांडतो तो मुलगा, रेषा ओलांडली ती सीतेने. झोपलेल्या पोराला कोणी ओलांडून गेलं की आजी म्हणायची, ‘परत उलट ओलांड, नाहीतर त्याची वाढ खुंटेल.’ एकूण ओलांडण्याला मराठी घरात एक धाक चिकटलेला आहे. वल्हांडणात तेच क्रियापद राखण करतं. ज्याला ओलांडून गेले, तो वाचला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीचीच आठवण आली आणि थोडं हसू.

तुमच्या शेजारचे कोकणी बोलणारे कॅथलिक ईस्टरला ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात ना? तो पास्क म्हणजे हाच पेसाह. अरामी, ग्रीक, लॅटिन आणि मग पोर्तुगीज ‘पाश्कुआ’ अशा मुक्कामांनी तो मांडवीच्या काठी उतरला. त्यामुळे कोकणी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी दोन्ही सण एका शब्दात राहिले. पास्काच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत समुद्र दुभंगल्याचा चौदावा अध्याय वाचतात. बाकीची वाचनं कमी करायची मुभा असते, हे मात्र गाळता येत नाही. मराठीत आपण एकीकडे वल्हांडण म्हणतो, दुसरीकडे ईस्टर किंवा पुनरुत्थानाचा सण, आणि दोघांची नाळ कानाला कळत नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की आपला वल्हांडणाचा कोकरा म्हणजे ख्रिस्त. मराठी श्रोत्याला हे समजावून सांगावं लागतं, पास्क म्हणणाऱ्याला ते अर्धं आधीच माहीत असतं. पत्रकात एका कंसात ‘पास्क’ घातलंत तर वास्कोत तरी ते वाया जाणार नाही.

आता निर्गम. संस्कृत आहे, सरळ आहे: निर् म्हणजे बाहेर, गम म्हणजे जाणं. ग्रीक नाव ‘एक्सोडोस’, बाहेरची वाट, त्याला हा चपखल प्रतिशब्द. (हिब्रूत या पुस्तकाला ‘शेमोत’ म्हणतात, म्हणजे ‘नावं’, सुरुवातीच्या शब्दांवरून ग्रंथाचं नाव ठेवायची त्यांची पद्धत.) अशी नावं जुन्या भाषांतरकारांनी बरीच घडवली आणि काहींवर पुढे काळाने सूड उगवला. पाचव्या पुस्तकाचं नाव ‘अनुवाद’. अनु-वाद, मागाहून पुन्हा सांगणं, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने नियम पुन्हा सांगितले म्हणून. अर्थ अगदी काटेकोर. पण आज ते नाव वाचून माणूस विचारतो, कशाचा अनुवाद?

निर्गमचं तितकं वाईट झालं नाही, तरी कचेरीचा वास त्याला लागलाच. शाळेत ‘प्रवेश निर्गम’ नोंदवही असते. जातीच्या दाखल्यासाठी तिचा उतारा काढताना किती जणांच्या वहाणा झिजल्या असतील! शासनाचे आदेश ‘निर्गमित करण्यात येतात’. तुमचा मथळा वाचून मला क्षणभर वाटलं, मिसरातून काहीतरी परिपत्रक काढायचंय.

पण वासापेक्षा मोठी अडचण व्याकरणाची आहे. निर्गम ‘होतो’. तो ‘करा’ म्हणून कोणाला सांगता येत नाही, जसं ‘उदय करा’ म्हणत नाहीत. आणि मूळ कथेकडे पाहिलं तर तिथेही तसंच आहे. हिब्रूत बाहेर पडण्याचं एकच धातू दोन रूपांत येतं: लोकांसाठी ‘निघाले’, देवासाठी ‘बाहेर आणलं’. आपल्या निघणे-काढणे या जोडीसारखं. दहा आज्ञांची सुरुवात ‘तू असं कर’ने होत नाही. आधी येतं की मिसर देशातून, दास्यगृहातून तुला बाहेर आणणारा मी परमेश्वर आहे. आणल्यावर मग आज्ञा. पाळकांचं वाक्य ऐकणाऱ्याला वाटेल, बाहेर काढायचं काम आपलंच, आपल्याच जोरावर. ज्याने तीनदा दारू सोडून पाहिलीय, त्याला ‘निर्गम करा’ म्हणणं म्हणजे चौथ्यांदा तेच सांगणं.

माणसाकडे मग कोणतं क्रियापद उरतं? समुद्रापाशी, मागे फारोचे, म्हणजे मिसरच्या राजाचे, रथ दिसत असताना, मोशेला उत्तर मिळतं ते एवढंच: माझा धावा काय करतोस, लोकांना पुढे चालायला सांग. चालणे. निघणे. एवढीच.

आणि निघणे हा काही कमी वजनाचा शब्द नाही. १५६० साली कुठ्ठाळीहून मंगेश झुआरीच्या अलीकडे प्रियोळला आला. आमच्याकडची म्हातारी माणसं ती गोष्ट सांगायची तेव्हा निर्गम, स्थलांतर असलं काही म्हणायची नाहीत. ‘देव घेऊन निघाले’ म्हणायची, बस. पोर्तुगीज राज्यातल्या त्या गोष्टीत फारोच्या जागी कोण होतं हे आपण दोघंही जाणतो, आणि आज तुमच्या मंडळीच्या पत्रकाला मी शब्द सुचवतोय, हेही गोव्यातच व्हायचं. सासष्टीतल्या राचोलला याच काळानंतर, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. बायबलातल्या कथा त्याने मराठी ओव्यांत घातल्या, कारण ऐकणाऱ्यांचा कान ओवीला सरावलेला होता. प्रवचनाची भाषा कुठून घ्यावी, याचं उत्तर त्याने चारशे वर्षांपूर्वी दिलंय.

हे सांगताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ‘निर्गम’ शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. लूकच्या नवव्या अध्यायात डोंगरावर मोशे आणि संदेष्टा एलिया येशूशी बोलतात ते यरुशलेमात व्हायच्या त्याच्या जाण्याविषयी, आणि तिथे मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘एक्सोडोस’. ग्रीकमध्ये तो मृत्यूलाही वापरत. आपण ‘आजोबा गेले’ म्हणतो तसं. मोशे शेजारी उभा असताना हा शब्द यावा, यात पुस्तकाचं नाव आणि क्रूस दोन्ही एकदम वाजतात. असं काही समजावायचं असेल तर निर्गम हवाच, तिथे ‘निघणे’ अपुरं पडेल. पण ते नाम म्हणून. आज्ञार्थात नको.

रोजच्या जगण्याला जवळचे शब्द हवे असतील तर याच पुस्तकात आणखी तीन आहेत. एक ‘बेखमीर’. बे फारसी, खमीर अरबी. पीठ फुगायला वेळ नव्हता म्हणून तसंच खांद्यावर घेऊन निघाले, त्याची भाकर. तुमच्या दारात सकाळी पों-पों करत येणाऱ्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, घरी पूर्वी पिठात सूर, म्हणजे माडी, घालत आणि रात्रभर ते फुगत ठेवत. ज्याने ते फुगलेलं पीठ पाहिलंय त्याला घाईची भाकर कशी असेल हे सांगायला नको. दुसरा ‘मान्ना’. सकाळी दंव सुकल्यावर जमिनीवर धण्यासारखं पांढरं काही पडलेलं दिसलं आणि लोक एकमेकांना म्हणाले, ‘मान हू?’ हे काय? आपल्याकडे ‘हें कितें?’ म्हणतील. तेच नाव पडलं. चव मध घातलेल्या पोळीसारखी, पण रोजच्यापुरतंच गोळा करायचं, उरवलं तर किडे पडत. अपवाद एकच, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना ‘रोजची’ आणि ‘आज’ असे दोन शब्द का लागतात, हा प्रश्न मला एका विद्यार्थिनीने विचारला होता. तेव्हा मी टाळला. उत्तर या सोळाव्या अध्यायात होतं.

तिसरा माझा लाडका: ‘कुरकुर’. समुद्र ओलांडून महिनाभर होतो न होतो तोच लोक म्हणू लागले, मिसरात आम्ही मांसाच्या हंड्यांपाशी बसून पोटभर खात होतो. विटा थापताना पाठीवर पडलेले फटके विसरले, हंडी आठवली. मराठी भाषांतरकारांनी इथे तक्रार, असंतोष असले शब्द न घेता कुरकुर घेतली. नव्या वहाणेची, पाळण्याच्या कडीची, सुनेची आणि सासूची. त्या एका शब्दाने सहा लाख पुरुषांचा तांडा शेजारच्या वाड्यावर येऊन राहतो. दारू सोडलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात काय म्हणतो ते ऐका: संध्याकाळी ताव्हेर्नात चार माणसं भेटायची, आता कोणी भेटत नाही. हीच हंडी. पाळकांनी प्रवचनात निघण्यावर दहा मिनिटं आणि या कुरकुरीवर वीस मिनिटं द्यावीत, असं माझं आगाऊ मत.

तेव्हा मथळा. ‘आपापल्या मिसरातून निघा’ हे व्याकरणाने बिनचूक, आणि म्हाताऱ्या बायांनाही पहिल्या फटक्यात कळेल. कर्ता देवच असावा असं पाळकांना वाटत असेल तर ‘मिसरातून बाहेर आणणारा’ घ्या, खाली निर्गम २०:२ असा दाखला द्या; तिथे पुस्तकाचं नाव म्हणून निर्गम आपसूक येतो आणि शोभतोही. ‘आपापल्या’ला मात्र हात लावू नका, त्या वाक्यातला सगळ्यात चांगला शब्द तोच आहे. अनेकवचनाच्या मोहात ‘मिसरे’ करू नका, मिसरा म्हणजे शेरातली ओळ, ते शायरीकडे जाईल. आणि छापखान्याला पत्रक परत पाठवताना वल्हांडणातल्या ‘ल्ह’भोवती लाल शाईने गोल करून समासात ‘असेच ठेवा’ लिहा. नुसतं तोंडी सांगितलंत तर पुन्हा सुधारून येईल.