दीक्षितांचा गट की दिवेकरांचा, दुपारी २ ते ११ शिफ्ट असेल तर?

तुम्ही विचारलंय की शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११ आहे, व्हॉट्सॲपवर डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या आहारपद्धतीचा एक आणि ऋजुता दिवेकरांच्या पद्धतीचा एक असे दोन गट आहेत, दोन्हीकडचं थोडं थोडं करूनही वजन वाढतंय, तर धरायचं काय?

वजन बहुधा त्या ‘थोडं थोडं’मुळेच वाढतंय. दीक्षितांकडे कडक भुकेच्या दोनच वेळा, ५५ मिनिटांत पोटभर जेवण, मधे खाणं बंद. दिवेकरांकडे दर दोन-तीन तासांनी घरचं, हंगामी, पण बेताचं. सकाळी केळं, साडेबाराला भरपेट, पाचला शेंगदाणे आणि रात्री पुन्हा भरपेट असं झालं की खाणं दोन्हीकडचं येतं, आवर एकाचाही राहत नाही.

तुमच्या शिफ्टला दोन जेवणं सोपी पडतील असं मला वाटतं. साडेबाराला घरून निघण्याआधी आणि रात्री ८ला डबा. घरी पोचून १२ला जेवणं मात्र सोडाच, भरल्या पोटी झोप नीट लागत नाही. दीक्षित ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगतात. ते सकाळीच उरका, शिफ्टनंतर होत नाही.

दोन जेवणांवर आलेल्यांचं गणित हमखास चुकतं ते प्रथिनांत. भात-पोळीनं पोट भरतं आणि डाळ वाटीभर पातळ. आपल्याकडची शिफारस वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅमची आहे, म्हणजे ७० किलोला साधारण ५८ ग्रॅम. ५० ग्रॅम कोरड्या मुगाची उसळ १२ ग्रॅम देते, दोन अंडी तेवढीच, १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास. डबा भरताना आधी उसळ किंवा पनीर भरा, पोळ्या नंतर. दुसरी गळती ऑफिसच्या मशीनच्या चहाची. त्या प्रिमिक्समध्ये बहुतेक वेळा साखर आधीच असते, त्यामुळे ‘मी वरून साखर घेत नाही’ याला अर्थ उरत नाही.

गट एकच ठेवा, तोही म्यूट करून. रविवारी २० मिनिटं वाचा. रोज तिथे वजनाचे आकडे बघू नका. पाणी आणि मिठामुळे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं. स्वतःचं वजन आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर करा. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा. एचबीए१सी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी करा, त्याआधी नको, कारण ती तपासणी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांकडून डोस ठरवून घेतल्याशिवाय एकही जेवण गाळू नका. गटात कुणी डोस सांगितला तरी ऐकू नका. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर पथ्य बाजूला ठेवून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या.