क्यूएलईडी की एलईडी ते नंतर, आधी घरची लाईन पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घाटंजी तालुक्यातलं गाव, सोयाबीनचे पैसे हाती आलेत, पंचवीस ते अठ्ठावीस हजारांत ४३ इंची टीव्ही घ्यायचाय. दुकानदार म्हणतो एलईडी जुनं झालं, क्यूएलईडीच न्या. शेजारी म्हणतो घ्यायचाच तर ओएलईडी. घरी फ्री डिश, नेट मोबाइलचं.

मी दर्यापूरकडचा. आता शेतीच करतो, पण आधी सात वर्षं तालुक्याच्या ठिकाणी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसत होतो. रंग फिके आहेत म्हणून कोणी टीव्ही घेऊन आल्याचं मला आठवत नाही. आलेले सगळे लाईनीनं, म्हणजे विजेच्या दाबानं जळालेले, पाण्यानं बिघडलेले, नाहीतर आणताना फुटलेले. त्यामुळे माझं उत्तर दुकानदाराच्या उत्तरासारखं नसेल.

नावांचा घोळ आधी मिटवतो. दुकानात एलईडी म्हणून जो मिळतो तो मुळात एलसीडीच. पडद्यावरचे ठिपके स्वतः उजेड देत नाहीत. मागे एलईडीच्या पट्ट्या लागलेल्या असतात, आणि ठिपके खिडकीच्या झडपांसारखे तो उजेड सोडतात किंवा अडवतात. झडप कितीही लावली तरी फटीतून थोडा उजेड येतोच, म्हणून रात्रीच्या प्रसंगात काळं काळं न दिसता राखाडी दिसतं. क्यूएलईडी याच घरातला. मागच्या उजेडापुढे क्वांटम डॉट्सचा एक पातळ पापुद्रा बसवतात, त्यानं लाल आणि हिरवा अधिक निखळ होतो. ही नुसती थाप नाही, क्वांटम डॉट्सच्या शोधाला २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय. पण झडपा त्याच, फटीही त्याच. स्वस्तातल्या क्यूएलईडीत मागचा उजेडच मंद असेल तर पापुद्रा तरी काय करणार? ओएलईडीची जात मात्र वेगळी. तिथे प्रत्येक ठिपका म्हणजे एक पणती, विझवली की पूर्ण अंधार. पण तो तुमच्या पैशात बसत नाही, आणि दिवसभर दार सताड उघडं असलेल्या आपल्या घरांत तो अंधार पाहायला मिळतो कुठे?

आता तुम्ही पाहणार काय, ते बघा. फ्री डिशवरची बहुतेक चॅनेलं साध्या प्रतीची, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. ४के पडद्यावर ठिपके ३८४० बाय २१६०. डिशवरून आलेल्या एका ठिपक्याचे टीव्हीला वीस करावे लागतात. चार माणसांच्या वरणात पाणी घालून ऐंशी जणांना वाढायचं, तसलं हे काम. पडदा जितका मोठा तितकं ते वरण पातळ दिसतं. ४३ इंचीवर फ्री डिशचं चित्र बरं दिसायला दहा फूट तरी मागं बसावं लागतं. तुमची बैठक सहा-सात फुटांचीच असेल आणि घरात मालिका-बातम्याच चालत असतील, तर ३२ इंची घेऊन उरलेल्या पैशात दुसरं काही करा, मी तर म्हणेन. ४३च घ्यायचा असेल तर ४के आहे म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात घ्या: या आकारात साडेपाच-सहा फुटांपलीकडून फुल एचडी आणि ४के यांतला फरक साध्या डोळ्याला जवळपास कळत नाही. तरी आज या आकारात ४के सहज मिळतो, भावात फार फरक नसेल तर घ्या, तोटा काही नाही.

मोबाइलच्या नेटवर मोठ्या पडद्याचा नाद परवडत नाही. एचडी चित्रपटाला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, ४केला ७ जीबीपर्यंत. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये नायक-नायिकेची भेटही व्हायची नाही.

दुकानात टीव्ही कसा पाहायचा? तिथे झगमगीत रंगांचा ४के नमुना लावलेला असतो, त्यावर जाऊ नका. फ्री डिश जोडून सह्याद्री लावायला सांगा. घरचा एखादा लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन जा, माणसांच्या चेहऱ्याचा रंग तुम्हाला माहीत असतो. मग समोरून पाहून झालं की बाजूला सरका, आणि लाजू नका, खाली उकिडवे बसून पाहा. घरी टीव्ही भिंतीवर उंच आणि पोट्टे खाली सतरंजीवर, हेच होणार ना? पॅनेल, म्हणजे खुद्द पडदा, दोन तऱ्हेचे असतात. व्हीए पॅनेलवर काळा रंग गडद, पण बाजूनं किंवा खालून पाहिलं की रंग धुपतात. आयपीएसवर काळा फिका, पण कुठूनही पाहा, चेहरा चेहऱ्यासारखाच राहतो. डब्यावर हे सहसा छापत नाहीत, म्हणून उकिडवं बसायचं. भरल्या घरासाठी मी आयपीएस निवडेन. स्मार्ट टीव्ही घेत असाल तर १ जीबी रॅमचा नको, दोन वर्षांत रिमोट दाबून चहा करून यावं इतका रेंगाळतो.

आता लाईन. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट असं लिहिलंय का, पाहा. असेल तर कमी दाबाची भीती नको, दिवा मिणमिणला तरी टीव्ही चालतो. त्यासाठी स्टॅबिलायझर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. भीती जास्त दाबाची. माझ्या स्वतःच्या घरी जूनच्या पहिल्या वाऱ्यात डीपीजवळ, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, न्यूट्रलची तार तुटली, २३०च्या जागी घरात ४००च्या आसपास आले आणि टीव्ही, पंखा, चार्जर, सगळं एका मिनिटात गेलं. टीव्हीवाल्यांनी वॉरंटी नाकारली, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हापासून दाब वाढला की लाईन आपोआप तोडणारं यंत्र मीटरजवळ बसवलंय. तुमच्या बजेटमधून आधी ते घ्या, उरलेल्यात टीव्ही. स्पाइक गार्ड, म्हणजे अचानक उसळलेला दाब अडवणारा बोर्ड, तोही चांगला, पण अर्थिंगशिवाय त्याचा पुरता उपयोग होत नाही, आणि आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

आभाळ गडगडलं की नुसता प्लग काढून भागत नाही. डिशची वायरही काढा. जवळपास वीज पडली तर ती छत्रीतून, वायरीतून सेटटॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या वायरीनं टीव्हीत उतरते. मुख्य सर्किट बोर्ड जळालेले निम्मे टीव्ही मी असेच पाहिलेत, आणि मालक शपथेवर सांगायचा, भाऊ, प्लग तर काढला होता!

आणखी एक शत्रू आपल्याकडे घरोघर आहे, कूलर. मे महिन्यात टिनाखाली ४५ अंश, आणि बऱ्याच टीव्हींच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं. म्हणून खोलीत कूलर हवाच, पण त्याचा ओला झोत टीव्हीवर नको. पडदा पुसतानाही थेट पाणी मारू नका. ओघळ खालच्या काठात शिरतो, तिथेच पॅनेलच्या नाजूक जोडण्या असतात, आणि पडद्यावर उभ्या रेषा येतात. पॅनेल बदलायला जवळजवळ नव्या टीव्हीएवढे पैसे लागतात. उलट आवाज येतोय पण चित्र नाही, असं झालं तर लगेच टीव्ही भंगारात काढू नका. अंधारात पडद्यावर टॉर्च मारून पाहा. पुसटशी माणसं हलताना दिसली तर फक्त मागच्या एलईडी पट्ट्या गेल्यात, तालुक्याला थोडक्या पैशांत बदलून मिळतात. ब्राइटनेस शंभरवरून साठावर ठेवला तर त्या जास्त वर्षं जगतात.

भावाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८चा १८ टक्के झालाय, जुन्या छापील किमतीवर दुकानदार सूट सांगत असेल तर ती खरी सूट आहे की नुसती करातली कपात, हे विचारा. ऑनलाइन स्वस्त मिळेल, पण कंपनीचा माणूस तुमच्या पिनकोडला येतो का, ते पैसे देण्याआधी पाहा. आणताना खोकं उभंच ठेवा. एका गिऱ्हाईकानं ऑटोत आडवं ठेवून वर ढेपेचं पोतं टाकलं होतं. घरी पोचेपर्यंत पडदा तडकला, आणि फुटीला वॉरंटी नसते. भिंत मातीची असेल तर टांगू नका, टेबलावर ठेवा.

जुना डब्बा टीव्ही एक्स्चेंजमध्ये दिला तर थोडेफार सुटतील. घरीच पडून राहणार असेल तर पोट्ट्यांना मागून खोलू देऊ नका. त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. आमच्या दुकानात एकदा शिकाऊ पोरगा त्या झटक्यानं स्टुलावरून खाली आला होता, आणि त्या टीव्हीचा प्लग आदल्या रात्रीपासून काढलेला होता.