आधी मार खा, मग ठरव

प्रिय मित्रा,

'गॉथिक' हा कॉम्प्युटर गेम घेतलास, तासाभरात वैतागलास आणि आता पैसे परत मागायच्या बेतात आहेस, हे कळलं. तुझ्या सगळ्या तक्रारी मला मान्य आहेत. कंट्रोल्स विचित्र आहेत; जमिनीवरची वस्तू उचलायची तरी एक कळ दाबून धरून वरचा बाण दाबायचा, आणि तलवारही तशीच चालवायची. कॅमेरा भिंतीत घुसतो. चेहरे तेच तेच, आवाजही तेच तेच. २००१ सालचा खेळ आहे, पिरान्हा बाइट्स नावाच्या छोट्या जर्मन कंपनीचा पहिलाच. पैसा बेताचा होता आणि ते लपत नाही.

तरी दोन संध्याकाळी दे त्याला. पैसे परत मिळायची मुदत जाईल, जाऊ दे. मात्र दोषांना 'त्यातच तर मजा आहे' म्हणायची जुन्या चाहत्यांची सवय लावून घेऊ नकोस. बग तो बगच. कमी पैशांतला खेळ हातात आला की मी एवढंच बघतो, की जो काही पैसा होता तो यांनी कुठे लावला.

पहिलं उत्तर तुझ्या डोक्यावरच आहे. ऑर्क नावाच्या राक्षसी टोळ्यांशी युद्ध चालू, शस्त्रांना खनिज हवं, म्हणून राजाने कैदी खाणीत जुंपले. ते पळू नयेत म्हणून बारा जादूगारांकडून जादूचा घुमट उभारून घेतला. तो हाताबाहेर जाऊन खोरंभर पसरला आणि जादूगारही आतच अडकले. आत येता येतं, बाहेर पडता येत नाही. कैद्यांनी पहारेकऱ्यांना आडवं केलं, आणि आता तेच राजाला खनिज देऊन हवं ते मागवतात. हे जरा बनवणाऱ्याच्या बाजूने बघ. एवढ्याशा टीमला अफाट जग परवडणारं नव्हतं, नकाशा कुठेतरी संपवावाच लागणार. एरवी अशा ठिकाणी न चढता येणारा डोंगर नाहीतर समुद्र टाकून मोकळे होतात. यांनी नकाशाच्या कडेचीच कथा केली. अशी काटकसर मला उधळपट्टीपेक्षा केव्हाही आवडते.

दुसरं उत्तर तलवारीत आहे. सुरुवातीला तुझा हिरो एका हाताची तलवार दोन्ही हातांनी धरतो, लाकडं फोडायला निघाल्यासारखी. रिंगणाजवळच्या स्कॅटी नावाच्या उस्तादाकडे शिकलास की पकड बदलते, तलवार एका हातात येते, वार जोडून करता येतात. नुसता आकडा वाढवूनही भागलं असतं. अ‍ॅनिमेशन करून घेणं महागाचं काम, तरी नेमका तिथे हात सैल सोडलाय. आणि लेव्हल वाढली की दहा गुण मिळतात खरे, पण ते वापरायला शिकवणारा माणूस गाठावा लागतो.

ओल्ड कॅम्प म्हणजे कैद्यांच्या तळांपैकी एक, तिथे धावत सुटू नकोस. कुणाच्या झोपडीत शिरून बघ, हाकलून देतील. समोर तलवार उपसलीस तर आधी दम देतील, मग झोडपतील. जीव घेत नाहीत सहसा, खाली पाडून खिशातलं खनिज काढून घेतात, कारण तिथला पैसा म्हणजे खनिजच. रात्री हीच माणसं शेकोटीपाशी बसतात, मग झोपायला जातात.

त्या स्कॅव्हेंजर पक्ष्यांनी तुला टोचून मारलं ना? मारणारच. अजून तू कुणी नाहीस तिथे. रस्ता सोडू नकोस, जंगलात शिरू नकोस, आणि पळून जाण्यात कमीपणा मानू नकोस. पुढची कामगिरी (क्वेस्ट) कुठे आहे ते दाखवणारा बाण नाही, तेव्हा लोक काय सांगतात ते कान देऊन ऐक. नकाशा ग्रॅहमकडे विकत मिळतो. ओल्ड कॅम्पातल्या पहारेकऱ्यांचा म्होरक्या थोरस म्हणेल, न्यू कॅम्प या दुसऱ्या तळाच्या मॉर्ड्रॅगला इथून हुसकावून लाव. लगेच हात उगारू नकोस. मॉर्ड्रॅगशी गोडीत बोललास तर तो तुला न्यू कॅम्पपर्यंत सोबत करतो आणि वाटेतली जनावरं तोच बघून घेतो.

आता पुढचं आधीच सांगतो, नंतर शिव्या नकोत. पहिला अध्याय जितका भरगच्च, तितके पुढचे विरळ. कुठल्याही कॅम्पात जा, वाटा पुढे एकत्रच येतात, आणि स्लीपर या शेवटच्या राक्षसाच्या देवळात तर बहुतेक वेळ नुसतं कापत सुटायचं. तिथे कंटाळलास तर खुशाल सोड. बायका खेळात नावापुरत्या आहेत. त्याला बजेटचं कारण मी तरी मानत नाही.

सुरू करण्याआधी चाहत्यांनी बनवलेला सिस्टम पॅक (दुरुस्त्यांचा संच) टाक, नव्या विंडोजवर पुष्कळ डोकेदुखी वाचते. सेव्ह दरवेळी वेगळ्या जागी करत जा. आवडलाच तर २००२ चा दुसरा भाग घे, तो बहुतेक बाबतींत सरस आहे. त्याच्याच पायावर पोलंडमधल्या चाहत्यांनी २०२१ मध्ये 'आर्कोलोस' हा जवळजवळ अख्खा नवा खेळ उभा केला, तोही फुकट. मूळ कंपनी पिरान्हा बाइट्स २०२४ मध्ये बंद पडली. २००६ च्या तिसऱ्या भागाला मात्र कम्युनिटी पॅच, म्हणजे चाहत्यांनी केलेली दुरुस्ती, टाकल्याशिवाय हात लावू नकोस.

तुझा,
दादा