चमकलं म्हणून निळं?

अनेक आशीर्वाद.

त्या प्राचीन संगमरवरी मूर्तीचा तुझा फोटो मिळाला. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके चमकताहेत आणि खाली तू लिहिलंयस, 'वस्त्र निळं होतं.' आनंद झाला असणारच. पण ते वाक्य आधी खोड.

इजिप्शियन निळा म्हणजे प्राचीन काळचा एक कृत्रिम निळा रंग. त्यावर लाल उजेड टाकला की तो अवरक्त किरण सोडतो, साधारण ९१० नॅनोमीटरच्या आसपास. आपल्या डोळ्यांना नुसता संगमरवर दिसतो. कॅमेऱ्याला मात्र एकेक कण सापडतो. जोव्हानी व्हेरी या संशोधकाने ही पद्धत शिल्पांसाठी वापरात आणली. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरच्या आयरिस देवीच्या मूर्तीच्या कमरपट्ट्यावरचा निळा ब्रिटिश म्युझियममध्ये २००९ साली असाच सापडला.

चमकेवरून कळतं ते इतकंच, की निळा तिथे आहे. बघणाऱ्याला तिथे निळं दिसत होतं का, हे कळत नाही. त्याच संग्रहालयात रोमन काळातलं एका स्त्रीचं संगमरवरी शिर आहे, 'ट्रॉय हेड' म्हणतात (त्या नगरीशी संबंध नाही, गेऑर्ग ट्रॉय हे अभ्यासकाचं नाव). तिच्या त्वचेच्या रंगातही इजिप्शियन निळा मिळाला. म्हणून काय बाई निळी होती? पूर्वी आपल्याकडे धोतराला नीळ घालायचे, ते धोतर कुणाला निळं दिसलं?

माझी फजिती ऐक. पहिल्याच खेपेला एका धडाचं अख्खं पोट चमकलं. रात्री साडेअकराला गुरुजींना फोन करून उठवलं. ते म्हणाले, "दिवा बंद करून एक फोटो काढ." काढला. पोट तसंच चमकत होतं! दाराखालच्या फटीतून जिन्यातल्या जुन्या बल्बचा उजेड येत होता, आणि त्यात अवरक्त किरण भरपूर. तेव्हापासून फटीला काळं कापड, दिवा बंद ठेवून एक फोटो, आणि चौकटीत शिल्पाशेजारी अस्सल इजिप्शियन निळ्याची चिमूट, यावाचून मी कॅमेऱ्याला हात लावत नाही.

एक्सआरएफचंही, म्हणजे क्ष-किरण टाकून तपासणाऱ्या यंत्राचंही, तेच. ते नुसती मूलद्रव्यं सांगतं. शिसं आलं, तर सफेदा की शेंदूर? पारा आला तर बहुधा हिंगूळ. लोखंड आलं तर गेरू, नाहीतर ज्या मातीत मूर्ती पुरली होती ती माती. मॅडर, म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपीय बहीण, त्याला दिसतच नाही; तिच्यासाठी अतिनील दिवा लाव, नारिंगी-गुलाबी झाक येते.

आणि यंत्रांच्या आधी साधा टॉर्च घे, दगडाला जवळजवळ चिकटवून तिरका धर. रंगाखालचा दगड कमी झिजतो, म्हणून रंग उडाला तरी नक्षीची कड उरते. म्युनिकच्या ग्लिप्टोथेकमधल्या एजिना या ग्रीक बेटावरच्या मंदिरातल्या धनुर्धाऱ्याच्या कपड्यांवरची नक्षी बरीचशी अशीच वाचली गेली. त्याच्या रंगीत प्रतिकृती मला भडक वाटतात, हे मी उघड सांगतो. खालचा थर सापडला म्हणजे वरचा हात सापडला असं नव्हे. प्राक्सिटेलीस या ग्रीक शिल्पकाराला आपल्या मूर्तींपैकी निकियास या चित्रकाराचा हात लागलेल्या जास्त आवडत, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. तो हात तुझ्या ठिपक्यांत नाही.

तर 'वस्त्राच्या डाव्या घडीत इजिप्शियन निळ्याचे कण आहेत' असं लिही. आणि दिवा बंद असतानाचा फोटो पाठव. तो मला आधी हवाय.