ॲलर्जी आणि वावडे

‘ॲलर्जी’ला मराठीत सरळ ‘वावडे’ म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. म्हणावे, पण जपून, कारण ज्याला दूध पचत नाही त्यालाही ते वावडेच असते आणि न पचणे म्हणजे ॲलर्जी नव्हे. पहाटे उठण्याची किंवा पाहुण्यांची ‘ॲलर्जी’ तर रोज कानी पडते आणि दर वेळी एका नेमक्या शब्दाची माती झाल्याचे वाईट वाटते.

हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ग्रीक ‘आलोस’ (निराळे) आणि ‘एर्गोन’ (काम) यांवरून घडवला. हेच ‘एर्गोन’ ‘सर्जन’ या शब्दातही दडलेले आहे: ‘खेइर’ म्हणजे हात आणि ‘खेइरूर्गोस’ म्हणजे हाताने काम करणारा. सर्जन शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला ॲलर्जीबद्दल विचारतो, तेव्हा त्याच्या पदवीत आणि त्याच्या प्रश्नात मूळ शब्द एकच असतो.

‘निराळे’ का, हे समजायला घटसर्पावर उपचार म्हणून टोचली जाणारी घोड्याची रक्तलस (सीरम) आठवावी. ती टोचल्यावर आठ-बारा दिवसांनी काही मुलांना ताप येई, सांधे दुखत, अंगावर गांधी उठत. त्याच मुलाला पुढे पुन्हा ती रक्तलस टोचली, तर हाच त्रास काही तासांत किंवा दिवसाभरात सुरू होई. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी १९०५ साली या रक्तलस-विकारावर पुस्तकच लिहिले. रक्तलस तीच, मूल तेच, मात्र शरीराचे काम आता निराळे झालेले! म्हणूनच ॲलर्जीसाठी परिभाषाकारांनी दिलेली ‘अधिहर्षता’ मला मान्य नाही. ‘अधि’ने अतिरेक सुचतो, पण पिर्के यांना बदल सांगायचा होता, आणि त्यांच्या मूळ अर्थात तर रोगप्रतिकारशक्तीही येत होती.

‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी; या शब्दाबाबत याहून मोठी चूक होते. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी नेपच्यून नावाच्या कुत्र्याला समुद्रफुलाचे (फुलासारख्या दिसणाऱ्या एका समुद्री प्राण्याचे) विष अल्प मात्रेत टोचले, तेव्हा तो धडधाकट राहिला. सुमारे तीन आठवड्यांनी तेवढ्याच मात्रेने तो २५ मिनिटांत मेला. विष आधी मिळाल्याने रक्षण व्हायचे, ते उलटले, म्हणून १९०२ साली त्यांनी ‘फिलॅक्सिस’ म्हणजे रक्षण, या शब्दाला ‘ॲना’ जोडले. हा ‘ॲना’ नकारार्थी आहे असे अनेक जाणकार ठामपणे लिहितात, ते व्याकरणाला धरून नाही. ग्रीकमधला नकार संस्कृतसारखाच चालतो: व्यंजनापूर्वी ‘अ’, स्वरापूर्वी ‘अन्’, जसे ‘अज्ञान’ आणि ‘अनादर’. त्या नियमाने रक्षणाचा अभाव म्हणजे ‘अफिलॅक्सिस’ झाला असता.